पायऱ्यांपाशी ऊब

१

आमच्या शेडच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. वर मोठ्या अक्षरांत 'हिवाळ्याआधी पूल', म्हणजे आमचा पोहण्याचा, आणि खाली आकडे घालून अकरा कामं. स्टुअर्टनं लिहिलेली. माझा नवरा पंचवीस वर्षं सरकारी खात्यात होता. त्याला दूध आणि पाव आणायला सांगितलं तरी तो आधी एक आणि दोन असे आकडे लिहायचा. सातवं काम असं आहे: 'नळी लांब पसरून ठेवणे. गुंडाळू नये. लिनेट!!' ती दोन उद्गारचिन्हं माझ्यासाठी. एका वर्षी मी मदत करायला गेले आणि तळ साफ करायची ती लांबलचक नळी छान गोल गुंडाळून ठेवली. हिवाळाभर तिला तीच सवय लागली. मग सबंध उन्हाळा ती पाण्यात नुसती गोल गोल फिरत राहिली आणि आमच्या पूलचा एकच गोल तुकडा लखलखीत साफ झाला. त्यानंतर मला काठावर बसून 'झालं का?' विचारण्याचं काम देण्यात आलं. ते मी अनेक वर्षं चोख केलं.

फेब्रुवारीत स्टुअर्ट गेला. ऑफिसच्या जिन्यात, सकाळी पावणेदहाला, हातात कॉफीचा कप होता. कप फुटला नाही म्हणे. हे मला कुणीतरी समजूत घालायला सांगितलं होतं.

म्हणून या वर्षी ती अकरा कामं माझ्याकडे आली. एप्रिलचा पहिला रविवार होता, म्हणजे आमच्या उलट्या ऋतूंत हिवाळ्याची चाहूल. घड्याळं एक तास मागे केली होती, शेजारच्या ओकची पिवळी पानं निम्मी आमच्या पाण्यात उतरली होती, आणि घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. कारण आमच्याकडे, आमच्याकडेच कशाला, आख्ख्या कॅनबेरात, ॲन्झॅक डेच्या आधी हीटर लावायचा नाही. पंचवीस एप्रिलला पहाटे उठायचं, लढाईत गेलेल्यांसाठी चौकात दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग घरी येऊन हीटर लावायचा. त्याआधी लावला तर काय होतं ते कुणाला ठाऊक नाही. दोन दोन स्वेटर चढवून, लाल नाकानं एकमेकांना 'छे, कुठे एवढी थंडी!' म्हणायचं.

पहिलं काम, पानं काढणे. काढली. दुसरं, पाण्याचं तापमान बघणे. आमच्याकडे त्यासाठी दोरीला बांधलेलं एक प्लॅस्टिकचं बदक आहे. बदक म्हणालं चौदा. तिसरं, पायऱ्यांचे कोपरे हातानं घासणे, ब्रश पोचत नाही. मी काठाच्या दगडावर पालथी झोपले, बाही खांद्यापर्यंत वर केली आणि देवाचं नाव घेऊन हात आत घातला.

चौदा डिग्रीचं पाणी पहिल्यांदा मनगटात चावतं, मग कोपरात. मी दात खात डावीकडचा कोपरा घासला. मग उजवीकडे सरकले, दुसऱ्या पायरीवर हात टेकला, आणि हात कोमट पाण्यात गेला.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? कुणीतरी शू केलीय.

मी त्याच अवस्थेत, पालथी पडल्या पडल्या, एकटीच हसले. आमच्याकडे मूल नाही, कुत्रा नाही, आणि मी केली नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकते. हसणं थांबलं तरी हात तिथेच होता. पाणी तसंच कोमट.

२

मी वेंधळी आहे, पण वेड्यासारखी काही समजूत करून घेणारी नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी परत पाहिलं. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. साडेआठला पोचायचं असतं. आठला मी पूलच्या काठावर पालथी, अंगात ऑफिसचा ब्लाउज आणि एक हात पाण्यात.

होतं. तिथेच.

ऊन पडत असेल म्हणावं तर तो कोपरा दहापर्यंत सावलीत असतो. फिल्टरमधून येणारं पाणी म्हणावं तर ते पलीकडच्या भिंतीतून येतं. तरी मी पंप बंद केला आणि एक दिवस तसाच ठेवला. काही फरक नाही. बदक त्या जागी नेऊन धरलं. बदक म्हणालं चौदा. माझा हात म्हणत होता, बाईसाहेब, हे चौदा नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि बदकाला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

मग मी ती ऊब हातानं चाचपून मापली. दुसऱ्या पायरीवर ती खांद्यांइतकी रुंद होती. वर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत यायची, खाली पायरी सोडून पुढे पसरायची, लांब केलेल्या पायांसारखी. डावीकडे एक बारीक फाटा पहिल्या पायरीच्या कडेवर टेकलेला. म्हणजे कुणीतरी पाण्यात बसून एक कोपर मागे टेकलं तर जेवढी जागा लागेल, तेवढीच. स्टुअर्ट तस्साच बसायचा.

सकाळी नवरा आधी उठून गेला की त्याच्या बाजूला सरकून त्याच्या उबेत पाच मिनिटं पडायचं, हे सुख ज्या बायकांना ठाऊक आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. फक्त एक फरक होता. अंथरुणातली ती ऊब हळूहळू कमी होते. ही होत नव्हती. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. म्हणजे इथून कुणी उठून गेलेलंच नव्हतं.

हा विचार आल्यावर मी हात बाहेर काढायला हवा होता. कोणत्याही शहाण्या बाईनं काढला असता.

तो गेला त्या सकाळीही तो पोहायला उतरला होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. खालून ओरडला, "लिन, ये ना पाच मिनिटं! पाणी काय झकास आहे!"

"केस धुतलेत आजच," मी म्हटलं. "उद्या येते."

"तुझं उद्या म्हणजे माझी रिटायरमेंट!"

"मग रिटायर झालास की येते, जा!"

हे आमचं शेवटचं बोलणं नव्हे. त्यानंतर तो 'माझा निळा शर्ट कुठाय' म्हणाला आणि मी 'तुझ्या डोळ्यांसमोर' म्हणाले. पण मी मनात धरून बसले ते हे.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी जाऊ लागले. मग दवाखान्यातून आल्यावरही. दगडावर गाल टेकून पडायचं, हात आत सोडायचा आणि बोलायचं. काही खास नाही. आज एका म्हाताऱ्याची कवळी आमच्या काउंटरवरच राहिली, तो अर्ध्या वाटेवरून परत आला, वगैरे. घरात कुठेच ऊब नव्हती. जगात मला ठाऊक असलेली एकच उबदार जागा होती, आणि ती तिथे होती.

यादीतली पुढची आठ कामं तशीच राहिली.

३

पूलचं पाणी दर महिन्याला बाटलीत भरून थियोच्या दुकानात न्यायचं, तो ते मशीनमध्ये घालून काय कमी काय जास्त सांगतो. थियो साठीचा आहे, ग्रीक, मिशाळ. स्टुअर्ट आणि तो क्लोरीनवर अर्धा अर्धा तास बोलायचे. मी गाडीत बसून राहायचे.

"या लिनेटबाई," मला पाहून तो म्हणाला. "आज कुणाची लघवी आणलीत तपासायला?"

"तूच सांग. तुझं मशीन हुशार आहे ना."

त्यानं बाटली हलवली, नळीत पाणी घातलं, बटण दाबलं. कागद बाहेर आला. तो वाचता वाचता त्याची मिशी स्थिर झाली.

"घरी पाहुणे आलेत का?"

"नाही रे."

"मग तू रोज उतरतेस पाण्यात?"

"चौदा डिग्रीत? मी? मी जानेवारीतसुद्धा गुडघ्यापर्यंत जाते आणि किंचाळत परत येते. स्टुअर्टला विचार."

म्हणून गेले, आणि काउंटरवरची रिकामी बाटली उगीचच सरळ केली. मग थियोनं घसा खाकरला.

"हे बघ. पानं पडली की क्लोरीन संपतं, ते वेगळं दिसतं. माणूस पाण्यात असला की वेगळं. घाम, अंगाचं तेल, कातडी. तुझ्या पाण्यात माणूस दिसतोय. आणि थोडाथोडका वेळ नाही. पोरांच्या पार्टीनंतर लोक पाणी घेऊन येतात ना, तसा आकडा आहे हा."

"पार्टी करायला मला वेळ कुठे आहे?"

"थांब, मशीन बिघडलं असेल." त्यानं परत सगळं केलं. परत तोच कागद. त्यानं तो घडी घालून खिशात टाकला, मला दिला नाही. मग मागच्या फळीवरून क्लोरीनची मोठी पिशवी काढली. "ही सगळी टाक. आज संध्याकाळी. उद्या कव्हर घाल आणि सप्टेंबरपर्यंत तिकडे बघू नकोस. ऐकतेस ना?"

पिशवी देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि तो दचकला.

"अगं, हे हात आहेत का फ्रीजमधली मासळी?"

"ॲन्झॅक डेला अजून नऊ दिवस आहेत."

"मराल तुम्ही लोक त्या नियमापायी एक दिवस!"

"तू लावलास का हीटर?"

थियोनं मिशी चोळली. "नाही," तो म्हणाला. "बायको लावू देत नाही."

घरी येऊन मी पिशवी शेडमध्ये ठेवली. टाकली नाही. एवढं क्लोरीन एकदम पडलं की डोळ्यांना फार झोंबतं, असं माझ्या मनात आलं. कुणाच्या डोळ्यांना, ते मी स्वतःला विचारलं नाही.

४

ॲन्झॅक डेला पहाटे मी माझ्या सासूबरोबर, बेरिलबरोबर, चौकात उभी होते. बेरिल शहात्तर वर्षांची. क्वीनबियनला एकटी राहते, स्वतः गाडी चालवते आणि इतर गाडीवाल्यांशी काच वर करून भांडते. मुलगा गेल्यावर ती माझ्यासमोर एकदाच रडली. मग म्हणाली, "बास. आपण दोघी रडायला लागलो तर चहा कोण करणार?"

परत आल्यावर हीटरचं बटण बेरिलनं दाबलं. तो मान दर वर्षी तिचाच. मी ओटची बिस्किटं पुढे केली.

बेरिलनं एक चावलं, थांबली, परत चावलं. "दातांच्या दवाखान्यात काम करतेस म्हणून गिऱ्हाइकं घरीच तयार करतेस का?"

"चहात बुडवून खा."

"चहात बुडवलं होतं मी."

दहा मिनिटांत खोली तापली. बेरिलनं कोट काढला, मग स्वेटर काढला, मग कागदानं वारा घ्यायला लागली. मी तीन स्वेटर घालून हीटरला चिकटून बसले होते आणि माझे दात वाजत होते. सबंध एप्रिलभर मला वाटत होतं की माझं थंड पडणं म्हणजे आमच्या त्या नियमाची शिक्षा. सगळ्यांनाच वाटत होतं. थियोला, दवाखान्यातल्या पोरींना. हीटर लागला की होईन बरी. आता हीटर लागला होता.

"हात दे," बेरिल म्हणाली. तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. "ताप मोजायचं ते कानात घालायचं यंत्र कुठे ठेवतेस?"

चौतीस पॉइंट सहा. तिनं दुसऱ्या कानात घातलं. चौतीस पॉइंट सहा. मग स्वतःच्या कानात घातलं. छत्तीस पॉइंट आठ.

"म्हणजे यंत्र चालतंय," बेरिल म्हणाली. आता ती चेष्टा करत नव्हती. "उद्या डॉक्टरकडे जायचं. मी नेणार. आणि तो पूल अजून उघडा का?"

"यादी सापडत नव्हती."

"यादी शेडच्या दाराला चिकटवलेली आहे, लिनेट. मी इथून सांगते."

दुपारी जेवून ती खुर्चीत पेंगली. मी वाळत घातलेले कपडे काढून आणते म्हणून बाहेर पडले. कपडे वाळत घातलेलेच नव्हते.

ऊब आता कोमट राहिली नव्हती, हे सांगायचं राहिलं. पहिल्या रविवारी ती कोमट होती. थियोकडे गेले तेव्हा बाळाच्या दुधासारखी. त्या दुपारी ती अंगाइतकी गरम होती, आणि हात आत सोडला की वाटायचं, हे पाणी नाही, हे मांडीवर हात ठेवलाय कुणाच्या. मी थंड होत गेले तशी ती तापत गेली, हे माझ्या लक्षात येत नव्हतं असं नाही. येत होतं. मला ते बरोबर वाटत होतं, एवढंच. त्या सकाळी पाच मिनिटं दिली असती तर आत्ता एवढं द्यावं लागलं नसतं.

"अंग सरकतंय तुझं पुढे," मागून बेरिलचा आवाज आला. शांत, अगदी हळू, झोपेत चालणाऱ्याशी बोलावं तसा. "लिनेट. छातीपर्यंत आत गेलीयस."

मी पाहिलं. खरंच गेले होते. तीन स्वेटर पाण्यात, आणि मला थंडी लागत नव्हती.

५

तिनं मला काखेत धरून मागे ओढलं. मग विचारलं आणि मी सगळं सांगितलं. तिला वेड लागल्यासारखं वाटेल म्हणून सुरुवातीला जरा गंमत करत सांगितलं, शू केल्याचं वगैरे. ती हसली नाही. कमरेचं ऑपरेशन झालेली बाई, पण दगडाला धरून गुडघ्यांवर बसली आणि बाही वर केली.

"नको," मी म्हटलं.

"माझा मुलगा आहे तो," बेरिल म्हणाली आणि हात आत घातला.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तो इतका मऊ झाला की मी मान फिरवली, दुसऱ्याच्या खोलीत चुकून शिरल्यासारखी. असा किती वेळ गेला, कुणास ठाऊक. शेजारच्या ओकवर एक मॅगपाय पक्षी ओरडला. मी परत पाहिलं तेव्हा बेरिलचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं हात बाहेर काढला आणि स्कर्टला पुसला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा पुसला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"आणि तुला वाटलं, हा स्टुअर्ट."

"मग कोण?"

"अगं, माझा स्टुअर्ट जुलैत झाला, ऐन हिवाळ्यात, कूमा गावी. बाहेर बर्फ पडत होता. नर्सनं हातात दिला तेव्हा वाटलं मासाच दिलाय. तो शाळेत जायचा तेव्हा रात्री मोजे घालून झोपायचा, आणि तेही जानेवारीच्या उकाड्यात! लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तू मला फोन करून काय म्हणालीस?"

आठवलं. मी म्हटलं होतं, बेरिल, हा माल परत घेता येतो का? पाय बर्फाचे आहेत.

एकवीस वर्षं. एकवीस वर्षं रोज तो बिछान्यात शिरला की आपले गारेगार पाय माझ्या पोटऱ्यांना लावायचा, मी किंचाळायचे आणि तो हसायचा. 'तुझ्याकडे भरपूर आहे, जरा दे की,' म्हणायचा. त्याच्या बाजूला सकाळी सरकलं तर तिथे ऊब नसायचीच. माझ्याच बाजूला असायची. गरम मी होते. हे मी कसं विसरले? दोन-अडीच महिन्यांत मी माझ्या नवऱ्याला मनातल्या मनात दुसराच कुणी करून टाकलं होतं, गरम अंगाचा. आणि जे पाण्यात बसलं होतं त्यानं तेवढंच उचललं होतं.

"मग हे कोण आहे?" मी विचारलं.

"मला ठाऊक नाही. आणि मला जाणून घ्यायचंही नाही." ती माझा आधार घेऊन उठली. "या वर्षी मी एकाला पुरलंय, पोरी. दुसरीला पुरायला माझ्यात ताकद नाही. ते कव्हर आण."

ते निळं कव्हर पलीकडच्या टोकाला रुळावर गुंडाळलेलं असतं. दोन दोऱ्या, दोघांनी दोन्ही काठांवरून ओढत आणायच्या. मी आणि स्टुअर्ट ते भांडत भांडत ओढायचो. आम्ही दोघी एक शब्द न बोलता ओढत होतो. पंप चालू होता. सकाळपासून पडलेली पानं पाण्यावरून वाहत भिंतीतल्या जाळीकडे निघाली होती, एकामागून एक, पायऱ्यांच्या बाजूनं. मी शेवटचा हात ओढायला वाकले तेव्हा मला दिसलं.

पानं दुसऱ्या पायरीपाशी येऊन दुभागत होती. वाहत्या पाण्यात मधे खडक असावा तशी. अर्धी डावीकडून, अर्धी उजवीकडून, खांद्यांइतकी जागा सोडून. मधे पाणी नुसतं निळं, तळापर्यंत स्वच्छ. एक पान त्या जागेच्या कडेला येऊन थांबलं. मग पाण्याच्या वर, कशालाही न टेकता, वीतभर चढलं आणि पलीकडे घसरलं.

"बघू नकोस," समोरून बेरिल म्हणाली. तिनंही पाहिलं होतं. "ओढ."

मी ओढलं. कडेनं वाळूच्या पिशव्या ठेवल्या, चौदाच्या चौदा.

"ते क्लोरीन टाकलं होतंस का?"

"हो," मी म्हटलं. का खोटं बोलले, मला अजून सांगता येत नाही.

"उन्हाळ्यापर्यंत हे कव्हर उचलणार नाहीस. म्हण."

"नाही उचलणार."

"माझ्याकडे बघून म्हण."

मी तिच्याकडे बघून म्हटलं.

६

आणि मी बरी झाले. हे मला नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की मला कळलंच नाही. डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्याचं श्रेय त्यानं गोळ्यांना दिलं. मेच्या पहिल्या आठवड्यात पस्तीस पॉइंट पाच, दुसऱ्यात छत्तीस पॉइंट सहा. दवाखान्यात मी परत विनोद करायला लागले, पोरी परत त्यांना कंटाळायला लागल्या. थियोनं हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "आता बाई झालात. मासळी गेली." हीटर चालू, पोटऱ्या गरम, आणि त्यांना कुणी पाय लावायला नाही.

मग पहिलं कडाक्याचं दंव पडलं. सकाळी साडेसहाला मी खिडकीत चहा घेऊन उभी राहिले. गवत पांढरं, दोऱ्या पांढऱ्या, वाळूच्या पिशव्या पांढऱ्या. कव्हर पांढरं, त्यावर एकही डाग नाही. फक्त पायऱ्यांच्या कोपऱ्यात एक निळा तुकडा होता, ओलसर, दंव न धरलेला. खांद्यांइतका रुंद. पुढे लांब केलेले पाय.

तो स्टुअर्ट नाही. मला पक्कं माहीत आहे. हे मी रोज स्वतःला बजावते.

बेरिल रोज सातला फोन करते. "कव्हर?" ती विचारते.

"पांढरं."

"सगळं?"

"सगळं," मी म्हणते.

पहिले काही दिवस मी खिडकीतूनच पाहिलं. मग बाहेर जाऊन, पण लांबून. मग मी चहा घेऊन पायऱ्यांच्या बाजूला काठाच्या दगडावर बसायला लागले, अंगाला पांघरूण लपेटून. वचन मी मोडलेलं नाही. कव्हरच्या टोकालाही हात लावलेला नाही. नुसती बसते, दहा-पंधरा मिनिटं. त्या निळ्या तुकड्याला काही बाही सांगते. दवाखान्यातल्या कवळ्या कधी संपत नाहीत. कधी कधी वाटतं, ते कोण आहे हे मला ठाऊक नसलं तरी त्याला माझी वाट बघायची सवय झालीय, आणि माझी वाट बघणारं या गावात दुसरं कुणी नाही. गेल्या आठवड्यात कानात यंत्र घातलं. पस्तीस पॉइंट एक. मी ते खणात, टॉवेलांच्या खाली ठेवून दिलं.

आज सकाळी बाहेर आले तेव्हा फोन वाजला. चहाचा कप एका हातात, फोन दुसऱ्या.

"कव्हर?"

मी पाहिलं. पायऱ्यांचा कोपरा पांढरा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पांढरं. निळा तुकडा नव्हता.

"लिनेट? कव्हर?"

"पांढरं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं, बेरिल." आज पहिल्यांदाच ते खरं होतं आणि माझा आवाज आज पहिल्यांदाच खोटा निघाला.

"रडतेयस का तू?"

"थंडी आहे गं. नाक वाहतंय."

"आत जा मग. हीटरपाशी बस. लाडाची आहेस तू माझी, एवढं लक्षात ठेव," ती घाईघाईनं म्हणाली आणि फोन ठेवला, कारण असं काही बोलल्यावर तिला लाज वाटते.

मी उभी राहिले. संपलं, असं मनात म्हणून पाहिलं. चला, बरं झालं. आता मी गरम राहीन. पन्नाशीची होईन, मग साठीची, जाडजूड आणि गरम. बेरिलला रविवारी जेवायला बोलवीन. हे सगळं मी अगदी शहाण्यासारखं मनात मांडलं. मग म्हटलं, शेवटची एकदा बसून घेऊ, चहा तरी संपवू, आणि माझ्या दगडाकडे वळले.

दगड पांढरे होते. काठाचे सगळे, ओळीनं. मी बसते तो दगडही पांढरा होता.

त्याच्या शेजारचा तेवढा नव्हता. तो काळा आणि ओला होता, कव्हरच्या अलीकडे, घराच्या बाजूला, एक माणूस बसेल एवढा. त्यातून किंचित वाफ निघत होती.

घराचं दार मी उघडंच टाकून आले होते. आत हीटर चालू होता. इथून पंधरा पावलं.

मी माझ्या जागेवरचं दंव बाहीनं झटकलं आणि बसले. कप दोन्ही हातांत धरला. त्या बाजूला पाहिलं नाही. थोड्या वेळानं माझी डावी पोटरी गरम व्हायला लागली.

"काल एक बाई आली होती दवाखान्यात," मी म्हटलं, आणि जरा सरकून जागा दिली.